सूचना : वारसा दिनासाठी जुने फोटो आणि आठवणी

सर्व सभासदांना नमस्कार,

१८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनाला (युनेस्कोची मान्यता १९८३ची) विद्यापीठाच्या इतिहास विभागासोबत आपण प्रदर्शन भरवतोय, याची आठवण. घरातले जुने फोटो, पत्रं, कागदपत्रं घेऊन या. विद्यार्थी तुमच्यासमोरच स्कॅन करून परत देतील. मूळ प्रत कुणाकडेही ठेवू नका, अगदी आमच्याकडेसुद्धा! फोटोमागे माणसांची नावं आणि अंदाजे साल शिसपेन्सिलीने हलकेच लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात.

ज्येष्ठांच्या मुलाखती रेकॉर्ड होतील. संमतीपत्र नीट वाचूनच सही करा. रेकॉर्डिंगची एक प्रत मंडळाकडे राहील, हे विभागाकडून लिहून घेतलंय. सजावटीचं नंतर बघू, आधी मुलाखतीसाठी नावं कळवा.

– कार्यवाह