तुझ्या कादंबरीतल्या आईविषयी

नाशिक

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं बाड वाचून झालं. फोनवर नुसतं ‘आवडलं’ म्हणाले, कारण शेजारी बाबा होते आणि मी बोलायला लागले की त्यांना मधे मधे भर घालायची असते. (त्यांचा प्रश्न असा: माणसं घुमटात राहतात, हवा विकत घेतात, तर मग रात्रभर नाचायला त्यांना परवडतं कसं? गंमत नाही करत ते. उत्तर पाठव.) सविस्तर सांगायचं तर कागदच बरा.

आधी जमलेलं सांगते. शिष्टाचार तू इंग्रजांच्या रीजन्सीतले उचललेस, १८११ ते १८२० मधले. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट, कारभार मुलाकडे, आणि वरच्या घरांतून उठण्याबसण्याचे इतके नियम की मधल्या माणसाने ओळख करून दिल्याशिवाय समोरच्याशी बोलायची सोय नाही. १८१६ साली राजपुत्राच्या मेजवानीत वॉल्ट्झ नाचला गेला, तर लंडनच्या ‘टाइम्स’ने नाक मुरडलं. ही झाली गमतीची बाजू. पण त्याच काळात त्या देशात दोन पुरुषांच्या संबंधाला फाशी होती रे. शेवटची फाशी १८३५ मध्ये दिली. कायद्यातून ती गेली १८६१ मध्ये. आणि त्याच्या आदल्याच वर्षी आपल्यासाठी केलेल्या दंडसंहितेत त्यांनी ३७७ कलम घालून ठेवलं. तू त्यांचे नाच घेतलेस, भेटपत्रं घेतलीस, गळपट्ट्याच्या गाठी घेतल्यास आणि फास तेवढा तिथेच ठेवलास. तुझ्या घुमटात दोन मुलग्यांचं लग्न ठरलं तर कुणी मान वर करून बघत नाही. बोभाटा होतो तो पंपवाल्या पोराने सरदारांच्या मुलाला ओळखपाळख नसताना हाक मारली म्हणून! तिथे मी मोठ्याने हसले. बाबा स्वयंपाकघरातून विचारायला आले, काय झालं.

दोघांच्या उलट स्वभावांचं मात्र सुरुवातीला मला काही खरं वाटेना. एक टापटीप, एक गबाळा, एवढ्यावर कुणी कुणावर जीव टाकत नाही. एवढ्यावर फक्त भांडणं होतात, ती मी आयुष्यभर करत आले आहे. पण तिसऱ्या नाचाच्या प्रसंगापाशी तू मला पकडलंस. एका माणसाने दुसऱ्याबरोबर दोनाहून जास्त वेळा नाचायचं नाही, नाचला तर लोक लग्नाचं बोलायला लागतात, ही तिकडची खरीच रीत. तुझा सरदारपुत्र म्हणजे त्या दिवाणखान्याचा नियम राखणारा, नाचांची यादी त्याच्याच हातात. आणि तोच तिसऱ्यांदा स्वतःचं नाव लिहितो. इकडे कधी कुणाला न जुमानणारा तो पंपवाला घाबरतो, स्वतःसाठी नाही, याची अब्रू जाईल म्हणून; आणि बाहेर जाऊन हात धुऊन नमस्कार करायची रीत घोकत बसतो. हे उलटेपण मला पटलं. त्यापुढचं दीड पान सरदारपुत्र गच्चीवर प्रेम म्हणजे काय ते सांगतो, ते काढून टाक. यादीत नाव लिहिल्यावर बोलायचं काय राहिलं?

आता तक्रार. त्याच्या आईबद्दल, सरदारणीबद्दल आहे. ती नुसती दुष्ट आहे. पडदा सरकवते, भुवई उंचावते, पंपवाल्याचा चहा गार होऊ देते. अशी बाई संध्याकाळच्या मालिकेत खपते, तुझ्या पुस्तकात शोभत नाही. मुलाला कडक शिस्त लावणारी बाई कशी असते ते बघायला तुला लंडनला जायची गरज नाही, आपल्या गंगापूरपर्यंत गेलास तरी पुरे. गोपिकाबाई पेशवे मुलाशी, माधवरावांशी बिनसल्यावर इथे गोदाकाठी येऊन राहिल्या. उतारवयात त्यांनी नातवाला, सवाई माधवरावाला, पत्र लिहिलं: सकाळी उठण्यापासून दरबारात बसण्यापर्यंत कसं वागावं त्याचं. (पेशवा लहान, कारभार दुसऱ्यांच्या हाती, बारभाईंचा. म्हणजे तुझी ती रीजन्सी आपल्याकडे त्यांच्या आधीच होऊन गेली होती.) सूचनांवर सूचना, कोरड्या. पण लिहिणारी कोण ते बघ. विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतावर गेले, त्याच वर्षी नवरा गेला. माधवराव १७७२ मध्ये क्षयाने. नारायणराव पुढच्याच वर्षी शनिवारवाड्यात मारले गेले. हाताशी आलेले तीन मुलगे घालवलेली आजी नातवाला सांगणार तरी काय? केव्हा ऊठ, कुणापुढे कसा बस, हेच. तिच्यापाशी दुसरं काही शिल्लक नव्हतं.

तुझ्या सरदारणीला अशी एखादी भीती दे. मग ती पंपवाल्याचा चहा गार होऊ देईल तेव्हा वाचणाऱ्याला तिचा राग येईल आणि पोटात तुटेलही.

आणि एक जागा मोकळी ठेव जिथे रीत सुटते. आपल्याकडे रंगपंचमीला रहाडी उघडतात तशी. वर्षभर फळ्या टाकून, माती लोटून बुजवलेला पेशव्यांच्या काळचा हौद, आणि त्या दिवशी रंगात धप्पा मारायला कोण कुठल्या गल्लीतला हे कुणी विचारत नाही. तिथेही पूजेचा मान ठरलेल्या घराचा, हे विसरू नकोस. तुझ्या घुमटात असं काही असेल तर सरदारपुत्राला कुणीतरी ढकललं पाहिजे. कोण ढकलेल ते तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे, तो गेल्या खेपेला आपल्याकडे आला होता आणि मिसळीवर तिसऱ्यांदा तर्री मागून बाबांना त्याने एका सकाळीत जिंकलं, तू मात्र कागदी रुमालाने टेबल पुसत होतास.

बाकी तुझ्या जगात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. तिथे कायदा केव्हाच मार्गाला लागलाय आणि रीत आडवी येते. इथे ६ सप्टेंबर २०१८ ला असे संबंध गुन्हा नाहीत असं ठरलं. त्या दिवशी तू फोन केला होतास आणि आपण दोघं भलतंच काहीतरी, पावसापाण्याचं बोललो. लग्नाचं मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टाने संसदेवर सोडलं. ते काही माझ्या हातात नाही. रीत मात्र घरातली बाई ठरवते, आणि या घरातली बाई मी आहे.

तर आता मुद्द्याचं. यंदा धोंड्याचा महिना आहे. आपल्याला मुलगी नाही, त्यामुळे अनारशांचं वाण देण्याचा प्रसंग मला कधी आलाच नाही. भांडीबाजारातून तांब्याचं ताम्हन आणून ठेवलंय. तेहतीस अनारसे, वर दिवा, सगळं रीतसर. तुझ्या मावशीने विचारलं, त्या दोघांत जावई कोण धरायचा? मी म्हटलं, ज्याला अनारसे आवडतात तो. तुला आवडत नाहीत, हे तिलाही ठाऊक आहे, तेव्हा प्रश्न मिटला. तिने पुढे काही विचारलं नाही, फक्त ‘मी पण येईन’ म्हणाली. त्याच्या आईवडिलांना मी फोन करू का, की आधी तो बोलणार आहे, ते त्याला विचारून सांग. त्यांना अवघड होईल असं काही मला करायचं नाही.

हाच प्रसंग तुझ्या सरदारणीला दिलास तरी माझी हरकत नाही. तिला तोंडाने हो म्हणता येत नसेल तर असलं काहीतरी करू दे, जे नाकारायची कुणाची छाती होणार नाही.

तारीख मात्र लवकर कळव. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग कुटून गुळात मुरवायचे. आदल्या दिवशी सांगितलंस तर चितळ्यांच्या बाकरवडीवर भागवावं लागेल. येताना बाडाची दुसरी प्रत आण, हिच्यावर माझ्या पेन्सिलीच्या खुणा आणि बाबांचा हवेचा हिशेब झालाय.

तुझी,
आई