ऋण चिन्ह म्हणजे बिघाड नव्हे

महोदय,

२०२४ साली पीएम सूर्यघर योजना आल्यापासून छतावर सौर पॅनेल बसवलेल्या घरांत मोबाइलवर शक्तीचे आकडे पाहिले जातात. आमच्या शेजाऱ्यांना परवा भर दुपारी तिथे ‘−१.८ किलोवॅट’ दिसले आणि ते ‘इन्व्हर्टर बिघडला’ म्हणत माझ्याकडे आले. वस्तुतः पॅनेल ३ किलोवॅट देत होते, घर १.२ वापरत होते आणि उरलेले १.८ वीजजाळ्यात जात होते. त्या यंत्राने ‘जाळ्यातून घेतलेली शक्ती धन’ असे गृहीत धरल्यामुळे दिलेली शक्ती ऋण दाखवली जात होती, इतकेच.

मी विद्युत अभियांत्रिकी शिकवली असल्याने सांगतो, की हाच घोटाळा वर्गातही होतो. परिपथातील एखाद्या घटकाच्या (दिवा, बॅटरी वगैरे) धन टोकातून विद्युतधारा आत शिरते असे मानले, तर विभवांतर (व्होल्टेज) आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे घटकाने शोषलेली शक्ती. १२ व्होल्टच्या बॅटरीवर २ अँपिअर घेणारा दिवा लावला, तर दिव्याची शक्ती +२४ वॅट आणि बॅटरीची −२४ वॅट येते, बेरीज शून्य. तीच बॅटरी चार्जिंगला लावली, की धारा तिच्या धन टोकातून आत जाते आणि तिचीही शक्ती धन होते. विद्यार्थी मात्र ‘बॅटरी म्हणजे ऋण’ असे पाठ करतात, किंवा उदाहरण अर्धे सुटल्यावर धारेचा बाण उलटवतात आणि ओहमच्या नियमात त्यामुळे येणारे ऋण चिन्ह विसरतात.

कार्याच्या बाबतीत गोंधळ याहून खोल आहे, कारण कार्य कोणी केले हेच पुष्कळदा सांगितले जात नाही. रोधातून (उदा. दिव्याच्या तारेतून) धनभार जाताना विद्युत क्षेत्र धन कार्य करते. वीज देणाऱ्या बॅटरीच्या आत मात्र रासायनिक प्रक्रिया तोच भार ऋण टोकाकडून धन टोकाकडे क्षेत्राविरुद्ध ढकलते, म्हणून तिथे क्षेत्राचे कार्य ऋण आणि बॅटरीचे धन. (बारावीच्या उष्मागतिकीतही भौतिकशास्त्र वायूने केलेले कार्य धन मानते, तर रसायनशास्त्र वायूवर केलेले, एकाच मुलाने एकाच वर्षी दोन्ही लिहायचे!)

धन-ऋण ठरवण्याचा संकेत कोणताही चालेल, पण तो आधी सांगितलेला असावा. शिक्षकांनी समीकरणाआधी बाण आणि टोकांची चिन्हे काढून घ्यावीत. इन्व्हर्टर उत्पादकांनी आकड्याशेजारी ‘घेतली’ किंवा ‘दिली’ असा शब्द मराठीत दाखवावा.

– एक निवृत्त अधिव्याख्याता, सातारा