सईचं शाळेचं टेनिस

प्लेनो, टेक्सास
१४ जून

ती. दादा आणि वहिनीस,
सा. न. वि. वि.

वहिनीने विचारलंय की सई इथल्या शाळेत एक नंबरला खेळेल का. खरं सांगायचं तर टेक्सासच्या शालेय टेनिसमध्ये एक नंबरला मान आहे, मोल नाही. पहिल्या जागेवरचा विजय एक गुण, सहाव्या जागेवरचाही एकच. त्यामुळे सई कितवी, यापेक्षा तिच्या खाली उभ्या राहणाऱ्या पोरी कशा आहेत, यावर संघाचं भवितव्य जास्त ठरतं.

इथे शालेय खेळ यूआयएल ही संस्था चालवते. टेनिसचे वर्षात दोन हंगाम असतात. ऑगस्ट ते ऑक्टोबरअखेर सांघिक, आणि वसंतात वैयक्तिक. वसंतात मुलांची एकेरी, मुलींची एकेरी, दोन्हींची दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे पाच प्रकार असतात, आणि एका खेळाडूला त्यातला एकच निवडता येतो. सांघिक हंगाम ४ए, ५ए आणि ६ए या, विद्यार्थीसंख्येवरून पाडलेल्या वरच्या गटांतल्या मोठ्या शाळांसाठी आहे. त्यात मुलं-मुली एकाच संघात असतात. हे आपल्याकडच्या शालेय स्पर्धांपेक्षा अगदी वेगळं, म्हणून नीट लिहितो.

एका लढतीत १९ सामने. मुलांच्या एकेरी ६, मुलींच्या ६, मुलांच्या दुहेरी ३, मुलींच्या ३ आणि मिश्र दुहेरी १. जो संघ आधी १० जिंकेल त्याची लढत. संख्या विषम, त्यामुळे बरोबरीचा प्रश्न नाही. आधी सातही दुहेरी होतात, मग बारा एकेरी. दुहेरी खेळलेली मुलगी नंतर एकेरीही खेळू शकते, पण दोन दुहेरीत कुणीच नाही; म्हणजे मिश्रमध्ये उतरलेली मुलींच्या दुहेरीत नसते. तिसऱ्या सेटऐवजी बहुतेक ठिकाणी दहा गुणांचा टायब्रेक खेळवतात.

आता खेळाडूंचा हिशेब करून बघा. १९ च्या १९ जागा भरायला ७ मुलं आणि ७ मुली लागतात: सहा जण दुहेरीत, सातवा मिश्रमध्ये. एखाद्या शाळेकडे सहा-सहाच असतील तर? मिश्र खेळवलं तर दोन्हीकडे एकेक जण कमी होतो, आणि मुलांची आणि मुलींची तिसरी दुहेरी अशा दोन जागा रिकाम्या जातात. मिश्र सोडून दिलं तर एकच जाते. म्हणून सहा-सहा असताना मिश्र सोडायचं, हा साधा हिशेब. तरी हौसेने मिश्र खेळवून दोन गुण फुकट देणारे संघ असतात. सात मुली आणि सहा मुलं असतील तर मात्र दोन्हीकडून एकच गुण जातो. मग जी बाजू बळकट ती खेळवायची.

आता क्रमाबद्दल, कारण सगळी भांडणं तिथेच होतात. एकेरीची यादी ताकदीच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. आपली सर्वांत चांगली पोर तिसऱ्या जागेवर लपवून तिथला गुण हमखास काढायचा, याला इथे ‘स्टॅकिंग’ म्हणतात आणि त्याला बंदी आहे. सिद्ध झालं तर ते सामने हरल्याचे धरले जाऊ शकतात. क्रम ठरतो तो संघातल्या आपापसातल्या आव्हान-सामन्यांवरून, आधीच्या निकालांवरून, आणि हल्ली यूटीआर या, निकालांवरून काढलेल्या टेनिस मानांकनावरूनही. तेव्हा सईची एआयटीएची, म्हणजे भारतीय टेनिस संघटनेची, क्रमवारी कोचला जरूर सांगा, पण तिच्या जोरावर जागा मिळेल असं धरू नका. तिला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत संघातल्या मुलींशी खेळूनच जागा मिळवावी लागेल. ते सामने सराव समजून सोडू नकोस, असं तिला आत्तापासून सांगून ठेवा. त्यांचे निकाल लिहून ठेवले जातात आणि आक्षेप आला की तीच वही पुढे येते.

कोचला थोडी मोकळीक उरते ती त्रांगड्यात. पहिली दुसरीला हरवते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी पहिलीला. अशा वेळी कुठलाही क्रम समर्थनीय असतो. माझ्या मते यात गैर काही नाही, फक्त कोचने त्याचं कारण आधीच लिहून ठेवावं.

जागा मोकळी झाली तर भोक वर ठेवता येत नाही. दोन नंबरची मुलगी आजारी पडली तर तिसरी दोनवर, चौथी तीनवर, अशा सगळ्या एकेक पायरी वर सरकतात आणि बदली खेळाडू शेवटी, सहाव्या जागेवर येते. नव्या पालकांना हे कळत नाही. आपली पोर चारवर जिंकत होती, मग अचानक तीनवर का टाकली, म्हणून कोचशी वाद घालतात. कोचच्या हातात तिथे काहीच नसतं.

दुहेरीत डोकं लढवायला जास्त वाव आहे. तीन जोड्यांचा क्रम ताकदीनेच लावायचा, पण कोण कुणाबरोबर खेळेल हे कोच ठरवतो. दोन तगड्या पोरी एकत्र ठेवून पहिली दुहेरी पक्की करायची, की त्या वेगळ्या करून पहिल्या दोन जोड्या मध्यम करायच्या? समोरच्यांची पहिली जोडी हरवण्यासारखी नसेल तर तिच्यावर आपली ताकद खर्च करण्यात अर्थ नाही. मिश्र दुहेरीची तर जागाच एक, तिथे क्रमाचा प्रश्नच येत नाही. एक बळकट मुलगा आणि एक बळकट मुलगी तिकडे टाकून तो गुण काढणं पूर्ण नियमात बसतं. किंमत अशी की त्यांच्या मूळ दुहेऱ्या कमकुवत होतात. मिश्रात एक मिळवून तिकडे दोन घालवले तर ती हुशारी कसली!

प्लेऑफ म्हणजे सरळ बाद फेऱ्या, हरलात की घरी. आणि दहावा गुण पडला की उरलेले सामने तिथेच थांबवतात. यातून एक गोष्ट होते जी स्टँडमध्ये बसलेल्यांच्या लक्षात येत नाही. वरच्या जागांवर तुल्यबळ खेळाडू असतात, रॅली लांबतात, सामना टायब्रेकपर्यंत जातो. खालच्या जागांवर फरक मोठा असला तर ६-१, ६-२ मध्ये उरकतं. त्यामुळे दहावा गुण बहुधा चार-पाच-सहा नंबरवरून येतो आणि एक नंबरचा सुंदर सामना ५-५ वर सोडून दोघी हस्तांदोलन करतात. सईच्या बाबतीत असं झालं तर तिला वाईट वाटू देऊ नका.

दुहेरी संपल्यावरचा आकडा बघायला शिका. ५-२ असेल तर बारा एकेरीतून पाचच हव्यात. ४-३ असेल तर सहा. ३-४ ने मागे असाल तर सात, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि तेही आत्ताच दुहेरी खेळून दमलेल्या पायांनी. सप्टेंबरात इथे ऊन कडक असतं. दुहेरी आणि एकेरीच्या मधल्या वेळात पाणी, मीठ-साखरेचं काहीतरी आणि कोरडे मोजे, एवढं बॅगेत हवंच. कोर्ट कमी असतील तर मधला वेळ लांबतो आणि अंग थंड पडतं. पुन्हा नीट वॉर्मअप केल्याशिवाय एकेरीत उतरू नये.

पंच प्रत्येक कोर्टवर नसतात. आपल्या बाजूला चेंडू आत पडला की बाहेर हे आपणच सांगायचं, आणि शंका असेल तर गुण समोरच्याचा. स्कोअर प्रत्येक गुणाआधी मोठ्याने म्हणायचा. निम्मे तंटे तो न म्हटल्याने होतात. बाजू बदलताना कोच बोलू शकतो, आईबाप नाही. वहिनी, हे तुझ्यासाठी.

संघ सर्वांत जास्त कोलमडतात ते दुखापतीने नव्हे, मार्कांनी. १९८४ पासून इथे ‘नो पास, नो प्ले’ कायदा आहे. तपासणीच्या वेळी कुठल्याही विषयात ७० च्या खाली गेलं की किमान तीन आठवडे सामने बंद, सराव तेवढा चालतो. काही अवघड अभ्यासक्रमांना सवलत असते, ती शाळेला विचारून घ्या. पहिली तपासणी सहा आठवड्यांनी, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस पडते. तिथे एखादी अडकली की ऑक्टोबरच्या ऐन लढती हुकतात आणि तिच्या खालची सगळी यादी वर सरकते. सईचं गणित ठीक आहे, पण इथलं इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहास नव्याने आलेल्या मुलांना सुरुवातीला जड जातात.

कागदांचं आत्ताच बघा. मुख्य संघात खेळायला तुम्ही त्या शाळेच्या हद्दीत राहत असायला हवं, म्हणून भाड्याचं घर पक्कं करण्याआधी पत्ता कुठल्या शाळेत येतो ते तपासा. रस्त्याच्या पलीकडे दुसरी शाळा लागू शकते. शाळा बदलून आलेल्यांना आधीच्या खेळाचा एक फॉर्म भरावा लागतो, तो मंजूर होईपर्यंत दुय्यम संघात खेळवतात. त्यासाठी तिच्या तिकडच्या शाळेकडून लेटरहेडवर पत्र घ्या. नववीची मूळ गुणपत्रिकाही आणा, कारण दहावीत येणाऱ्या मुलीच्या खात्यावर ५ क्रेडिट (पास झालेल्या विषयांबद्दल मिळणारे) असावे लागतात आणि ते त्यावरूनच ठरवतील. वैद्यकीय तपासणीचा फॉर्म इथल्या डॉक्टरकडून भरून घ्यावा लागतो. जुलैअखेर आलात तर मी वेळ घेऊन ठेवतो. विमानाची तारीख ठरली की कळव.

आईबाबांना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद