सोळा तासांच्या सर्वेतली आईची एक रेघ

प्रिय सर आणि तुमच्या त्या सहा पोरापोरींनो,

हे सगळं मेलवर लिहून मोकळी झाले असते. पण आमच्या दारासमोरचा रस्ता ओलांडता येत नाही म्हणून चार वर्षं मी चारचौघांत बोंब मारली, सोसायटीच्या ग्रुपवर तर लोक माझं नाव दिसलं की न वाचताच पुढे जायचे, मग थँक्यू तेवढं गुपचूप कशाला म्हणायचं. म्हणून इथे, सगळ्यांसमोर.

तुम्ही आमच्याकडे कसे पोचलात, पत्र कुणी दिलं, परवानगी कशी मिळाली ते सोडते. मला त्यातलं निम्मं कळलंही नाही. मला एवढंच माहितीये की विद्यापीठाच्या नगर नियोजन आणि वाहतूक शिकवणाऱ्या संस्थेतली तुमची पोरं सकाळी सहाला, थंडीत, कानटोप्या घालून रस्त्यावरच्या गाड्या आणि माणसं मोजायला आमच्या मेडिकलसमोर येऊन बसली आणि रात्री दहा वाजता उठली. मध्ये पाळ्या बदलल्या असतील, पण मला तरी तिथे सतत कुणीतरी दिसतच होतं. टपरीवाल्याने शेवटी शेवटी चहाचे पैसे घेणं बंद केलं.

आता तुमच्या आधी सर्वेला आलेल्यांबद्दल थोडं बोलू दे, नाहीतर पोटात राहील. नाव घेत नाही कुणाचं. तर आमच्या या रस्त्याला मधे डिव्हायडर, अलीकडे आम्ही, पलीकडे बसस्टॉप, भाजीवाले, दत्ताचं मंदिर आणि लायब्ररी. झेब्रा आहे, पण तो चौकात, आणि तोही असा की पावसाळ्यानंतर आहे की होता हे वाकून बघावं लागतं. अर्ज केले, खेटे घातले. मग एकदा खरंच दोन माणसं सर्वेला आली. दुपारी दोनला आली, पावणेचारला गेली, आणि कागदावर आलं की इथे रस्ता ओलांडणारे फारसे कुणी नाहीत, सबब सिग्नलची आवश्यकता दिसत नाही. एका साहेबांनी तर माझ्या आईसाठी अगदी प्रेमाने सुचवलं की आजींना सांगा, रिक्षा करा. रस्ता ओलांडायला रिक्षा! यू टर्न आमच्यापासून अर्धा पाऊण किलोमीटर पुढे, म्हणजे मीटर टाकून, पेट्रोलपंपापर्यंत जाऊन, वळून, परत येऊन समोरच्या फुटपाथला उतरायचं. आणि ज्या रिक्षावाल्याला हे सांगाल त्याचं तोंडही बघायला हवं.

तेव्हा मला वाटलेलं की हे लोक खोटं बोलतायत. सर, तुम्ही त्या दिवशी टपरीवर वहीच्या मागच्या पानावर मला ते गणित मांडून दाखवलंत तेव्हा कळलं की खोटं नाही, त्याहून वाईट आहे. रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा जो नियम आहे त्यात तासाला ओलांडणारी माणसं गुणिले तासाच्या गाड्यांचा वर्ग असं काहीतरी करतात, आणि डिव्हायडर असलेल्या रस्त्यावर उत्तर 20 कोटींच्या वर गेलं तर माणसांसाठी सोय करायला हवी. तुम्ही म्हणालात, दुपारी समजा 1500 गाड्या आणि 40 माणसं धरली तर 9 कोटी, झालं, नापास. तीच 40 माणसं संध्याकाळच्या 3000 गाड्यांसमोर उभी करा, 36 कोटी. गाड्या दुप्पट झाल्या की आकडा चौपट होतो, म्हणून कधी मोजता यालाच सगळं महत्त्व. मी बँकेत आयुष्य काढलंय, आकड्याची वेळ बघून सही करायची असते हे मला कुणी शिकवायला नको, तरी चार वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.

बरं, हे झालं हिशोबाचं. पत्र मी ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते वेगळंच आहे.

तुमच्यातली ती चष्मेवाली, लांब वेणीची. मंगळवार होता. संध्याकाळी साडेपाचच्या पुढे आई पिशवीत लायब्ररीची दोन पुस्तकं घालून खाली उतरली. मला न सांगता. वय 78, गुडघे दोन्ही गेलेले, पण हट्ट शाबूत. मी गॅलरीतून बघत होते, हाक मारणार होते, मारली नाही. ती मेडिकलसमोर डिव्हायडरला जी फट आहे (जिथून सगळेच जातात) तिथे फुटपाथच्या कडेला उभी राहिली. एक पाय खाली ठेवायची, की बाइक यायची, पाय परत वर. परत खाली, परत वर. ती फुटपाथची कड तरी केवढी उंच, तिला दर वेळी खांब धरावा लागत होता. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक, माझा गॅसवरचा भात लागला तेवढा वेळ. मग ती वळली आणि घराकडे निघाली.

ओलांडलं नाही म्हणजे मोजायचं कारण नाही. त्या छापील तक्त्यात तसा रकानाच नव्हता, दुचाकी, रिक्षा, कार, बस, सायकल, पादचारी, संपलं. जो गेला त्याची रेघ, चार उभ्या आणि पाचवी आडवी. पण ही पोरगी उठून आईच्या मागे आली आणि विचारलं, "आजी, रोज अशा परत जाता?" आई म्हणाली, "रोज कुठलं गं, आज आले. एरवी येतच नाही."

पोरगी गप्प झाली. मग तिने क्लिपबोर्ड गुडघ्यावर ठेवला, बॉलपेनने समासात पट्टीशिवाय एक वाकडीतिकडी उभी ओळ मारली, वर लिहिलं "परत गेले" आणि खाली एक रेघ ओढली. आईला दाखवली. "ही तुमची."

आई वर आली ती चपलाही न काढता मला सांगायला लागली, "अगं, मला मोजलं त्यांनी."

चार वर्षं मी अर्जांत लिहीत होते की ज्येष्ठ नागरिकांना त्रास होतो, अमुक होतं, तमुक होतं. ज्येष्ठ नागरिक! आठ महिने ही बाई पलीकडे गेली नव्हती, लायब्ररीची पुस्तकं मी ऑफिसातून येता येता बदलून आणायची आणि नेमकी तिने वाचलेलीच आणायची, दत्ताला ती गॅलरीतूनच नमस्कार करायची, आणि या सगळ्याची कुठल्याही कागदावर एक रेघ नव्हती. कारण आमच्याकडे जो मोठ्याने येतो तोच मोजला जातो, गाडी असो की माणूस. रात्री दहाला पोरं उठली तेव्हा त्या समासातल्या रकान्यात आठ पंचकं आणि वर एक रेघ होती. एकेचाळीस माणसं रस्त्यापर्यंत येऊन परत गेली होती एका दिवसात. माझा तर विश्वास बसेना, मी खाली जाऊन दोनदा मोजलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या पार्किंगमध्ये खडूने 6 मीटर आखलेत आणि आईला म्हणालात, "आजी, नेहमीसारखं चाला, आम्ही बघतोय म्हणून घाई करू नका." तरी तिने केलीच घाई, पदर खोचून. म्हणून तुम्ही परत चालायला लावलंत, यावेळी स्वतः तिच्या शेजारून, तिच्याच चालीने, लायब्ररीत हल्ली काय आणता विचारत. 10 सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला 60 सेंटिमीटर. सिग्नलचं गणित माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरून करतात म्हणालात, म्हणजे आमचा 18 मीटरचा रस्ता 15 सेकंदात पार. आईला 30. हिरवा दिवा 15 सेकंदांचा ठेवला असता तर ती बरोबर मध्यावर उभी असताना गाड्या सुटल्या असत्या. हे तुम्ही तिच्यासमोर बोलला नाहीत, जिन्यात थांबून मला हळूच सांगितलंत, तेही लक्षात आहे माझ्या.

आणि फुटपाथची कड 15 सेंटिमीटरच्या वर नको, उताराला एकास बारा, म्हणजे 15 सेंटिमीटर उतरायला 1.8 मीटर लांब उतार हवा, हे आता आईलासुद्धा पाठ आहे. पाहुण्यांना सांगते. परवा भाचीच्या नव्या सोसायटीत गेलो तर गेटवरचा रॅम्प बघून म्हणाली, हा एकास बारा नाहीये, घसरशील.

सर, तुम्ही चहा पिताना म्हणालात ते डोक्यात राहिलंय. पुण्यात 2006 ला बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, आली, कात्रज स्वारगेट हडपसर, देशात सगळ्यांच्या आधी. अहमदाबादला 2009 ला जनमार्ग, म्हणजे तिथली बीआरटी, सुरू झाला, तिथे सेप्ट या तिथल्याच नियोजन शिकवणाऱ्या विद्यापीठाची मंडळी सोबत होती. कुठेही जा, बसचा प्रवासी बसपर्यंत पायीच येतो, आणि बसवर कोट्यवधी खर्च करून झाले की त्याच्या त्या शंभर पावलांसाठी पैसे उरत नाहीत. 2022 सालात देशात रस्त्यावरच्या अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यात 32,825 पायी चालणारी. दिवसाला नव्वद. मी आकडा ऐकला आणि आधी आठवली ती आईची पावलं, वर, खाली, वर.

काम झालं, सगळं नाही झालं. फट होती तिथेच क्रॉसिंग आलं, लोक जिथून जातात तिथून, हेच मला भारी वाटलं, नाहीतर आपल्याकडे आधी क्रॉसिंग काढतात आणि मग लोकांना शिस्त नाही म्हणतात. डिव्हायडरमध्ये थांबायला जागा झाली. दिवा 30 सेकंदांचा. पण उतारावर खांब अजून बसवायचे आहेत, त्यामुळे बाइकवाले तो उतार आपल्याच सोयीसाठी केलाय असं समजून फुटपाथवर चढतात. अर्ज केलाय. तुमच्या रिपोर्टचं पान नंबर घालून केलाय यावेळी, तर साहेबांनी चक्क बसायला खुर्ची दिली.

जंगली महाराज रस्त्यावरची रुंद फुटपाथ बघून मला नेहमी वाटायचं, हे काय सगळं मध्यवस्तीतल्या लोकांसाठी. आमच्यासारख्या कडेच्या उपनगरात कोण येणार मोजपट्टी घेऊन. तर तुम्ही आलात, आणि त्या पोरीला काय मार्क मिळाले मला माहीत नाही, पण समासातला तो रकाना कुणी खाडाखोड म्हणून कापला असेल तर माझ्याकडे पाठवा, मी बोलते त्यांच्याशी.

गुरुवारी आई गेली पलीकडे. मी बरोबर जाणार होते, तिने नको म्हटलं. दिवा लागला, ती निघाली, डिव्हायडरपाशी उगाचच थांबली, सेकंद शिल्लक होते तरी, मागे वळून वर गॅलरीकडे बघितलं आणि मग गेली. पाऊण तासाने आली. एक जाडजूड कादंबरी आणि दोन जुड्या मेथी.

तुमचा तो पिवळा टेप आमच्याकडे राहिलाय, 30 मीटरचा. आईचे त्याने हॉलचे पडदे मोजून झालेत, आता पिठाच्या डब्याशेजारी ठेवलाय. कधीही न्यायला या, जेवायलाच या. बसने आलात तर पलीकडच्या स्टॉपवर उतराल. तिथून रस्ता ओलांडायचा फक्त.