श्रीखंडाच्या डब्यातली आकाशवाणी

प्रिय अव्या,

आठ महिने झाले ना रे, फोन नाही, मेसेज नाही, तुझ्या वाढदिवसालाही नुसता केकचा फोटो टाकून मोकळा झालो. कामात होतो वगैरे काही नाही. तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं, म्हणून गप्प होतो. आणि आता जे झालंय ते तुझ्याशिवाय कोणाला सांगूनही उपयोग नाही, मेघाला सांगितलं तर ती म्हणाली "बरं मग, चहा टाकू?"

आमचं सगळं ठीक. बाबांची शुगर आहे तशी, माझी कंबर आहे तशी.

तर. गेल्या दिवाळीत मला फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा डबा, बनवायची हुक्की आली. हो हो, माहितीये, "पैसे देऊन आवाज फाडून कशाला घ्यायचा", तुझं वाक्य पाठ आहे मला. पण अव्या, तो फाटका आवाज मुळात कोणी शोधलाच नव्हता. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचं एक चॅनल बिघडलं, बास फाटून आला आणि लोकांनी तो तसाच ठेवला, मग १९६२ मध्ये त्याचा डबा करून विकायलाही लागले. म्हणजे बिघाड विकत घेणारी जमात आहे आपली. माझी, सॉरी. तू सूरवाला.

मी जो बनवायला घेतला तो फझ फेस, लंडनच्या आर्बिटरवाल्यांनी १९६६ मध्ये काढला, तो माइक स्टँडच्या बुडासारखा गोल. आत बघशील तर हसशील. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर, दोन पॉट म्हणजे फिरवायची बटणं. अकरा वस्तू! तपकीर गल्लीत गेलो, सगळं कागदाच्या पुडीत बांधून आणलं, ट्रान्झिस्टर म्हणून दोन बीसी ५४७ घेतले, साधे सिलिकॉनचे, दोन-तीन रुपयांचे, रात्रीत जोडलं. वाजलं की. पण आवाज कसा, तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. सगळीकडे एकच लिहिलेलं, सिलिकॉन नको, जुन्या पद्धतीचा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर घे, एसी १२८ मिळाला तर बघ. तपकीर गल्लीत विचारलं तर काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे असा बघायला लागला की मी चार आणे सुट्टे मागितलेत. आतून त्याचे वडील ओरडले, "ते जुन्या रेडिओत असायचे हो, आता कुठले!"

आता तुला कळलं असेल मी आठ महिने का गप्प होतो ते.

काकांचा ट्रान्झिस्टर रेडिओ. वाडा पाडायच्या आधी तू आणून ठेवलास, "मंद्या, ठेव तुझ्याकडे, बंद आहे पण टाकवत नाही, आल्यावर बघू." तीन वर्षं माळ्यावर होता. मी फक्त उघडून बघणार होतो रे, आईशप्पथ. ते चामड्याचं भोकंभोकं असलेलं कव्हर काढलं, मागचा पत्रा काढला, तर समोर दोघं शेजारी शेजारी, पत्र्याच्या क्लिपमध्ये बसलेले, चकचकीत, नखाएवढे. एसी १२८. जोडी. मी स्वतःला सांगितलं, बंदच आहे, उंदरांनी स्पीकरचा कागद पण कुरतडलाय, अव्याला काय कळणारे.

काढताना काळजी घेतली, तेवढं मान्य कर. जर्मेनियमला उष्णता अजिबात सोसत नाही, म्हणून पायाला क्रोकोडाइल क्लिप लावून, म्हणजे गरमी क्लिप पिऊन घेते, तीन-तीन सेकंदांत एकेक पाय सोडवला. पाय कापले नाहीत. पेडलमध्येही सोल्डरचा डाग नाही दिलेला, सॉकेट लावून नुसते खोचलेत. एकाचा एक पाय थोडा तुटला. थोडासाच.

मग दोन दिवसांनी, म्हटलं डबा नीट बंद करून ठेवू, म्हणून सेलची जागा पुसायला घेतली. स्प्रिंगवर हिरवा गंज, आणि खालून तांबडी वायर निसटलेली. लोंबत होती नुसती. मीटर लावून बाकीचं बघितलं, स्पीकरची कॉइल शाबूत, ट्रान्सफॉर्मर शाबूत. अव्या, बहुतेक तेवढंच झालं होतं. एक डाग द्यायचा होता. काका गेल्यापासून तो बंद होता तो एका डागासाठी, आणि मी त्याचं काळीज काढून श्रीखंडाच्या डब्यात बसवलं.

हो, श्रीखंडाच्याच. अर्ध्या किलोचा प्लॅस्टिकचा. पेढ्याचा स्टीलचा डबा घेतला होता आधी, त्याला भोक पाडताना ड्रिलचं पातं जळालं आणि खालच्या जोशीकाकू वर आल्या.

मग सुरू झाले या जोडीचे नखरे. एक तर हे पीएनपी, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू ग्राउंडला, सगळं उलटं. मी शहाण्यासारखा डीलेच्या, म्हणजे प्रतिध्वनीच्या, पेडलबरोबर एकाच अडॅप्टरवर जोडला, अडॅप्टर गेला. दुसरं म्हणजे फझला पहिला ट्रान्झिस्टर कमी गेनचा, म्हणजे सिग्नल कमी पट वाढवणारा, लागतो, दुसरा जास्तीचा, सत्तर-ऐंशी आणि एकशेवीसच्या आसपास. हे दोघं निघाले अठ्ठ्याऐंशी आणि त्र्याण्णव. रेडिओत जोडीने काम करायला निवडलेले ना, सख्ख्या भावांसारखे एका मापाचे. आतला प्रीसेटचा छोटा स्क्रू फिरवून फिरवून दुसऱ्याच्या कलेक्टरच्या पायावर साडेचार व्होल्ट आणले तेव्हा कुठे सूर धरला. आणि काय धरला रे! गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की स्वच्छ, वाढवला की सनईला सर्दी झाल्यासारखा. तू सुद्धा नाक मुरडलं नसतंस. मुरडलं असतंस, पण उशिरा.

तिसरा नखरा उन्हाचा. तापले की आतल्या आत करंट गळतो यांचा, बायस, म्हणजे ते जमवलेले व्होल्ट, सरकतो. एप्रिल लागला तसं दुपारी वाजवलं की आवाज धाप लागल्यासारखा तुटत यायला लागला. फ्रिजमध्ये ठेवला दह्याशेजारी, तर मेघाने श्रीखंड समजून उघडला, तो संवाद इथे लिहीत नाही. आता माठाला टेकवून ठेवतो आणि सकाळी गार असताना वाजवतो.

तर परवा सकाळी सातच्या सुमारास सगळं लावलं, फझ पूर्ण, तारांना हात लावला नव्हता, आणि अँपमधून बाई बोलायला लागल्या. आधी वाटलं शेजारचा टीव्ही. कान लावला तर प्रादेशिक बातम्या. आकाशवाणी पुणे, मीडियम वेव्ह ७९२. होतं असं, यात भूत वगैरे काही नाही, गिटारची केबल एरियल होते, ट्रान्झिस्टरचा जोड डिटेक्टरचं काम करतो आणि प्लॅस्टिकचा डबा काही अडवत नाही. हे सगळं मला माहिती होतं, तरी मी खाली बसलो. तुला आठवतंय ना, आपल्या सकाळच्या क्लाससाठी तुला हाक मारायला मी यायचो तेव्हा काका खिडकीत आरसा टांगून दाढी करत असायचे, आणि बातम्या संपेपर्यंत तुझं नाव घ्यायची सोय नव्हती? फेसाच्या हाताने "थांब" करायचे. मी परवा अख्खं बुलेटिन तसाच थांबलो.

याला उपाय सोपा आहे. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये शंभर पिकोफॅरडचा छोटा कंडेन्सर आणि धातूचा डबा, दहा रुपयांत रेडिओ बंद. कंडेन्सर आणून ठेवलाय. लावला नाही.

दुसरा उपाय, जोडी परत तुझ्या रेडिओत. तुटका पाय पुरेल असं वाटतंय, सकाळी उजेडात बघतो. पण आठ महिने मी त्यांना कसं कसं पिळलंय, रेडिओत गेल्यावर आवाज येईलच असं छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. आणि खरं सांगू, मला पेडल सोडवत नाहीये. म्हणून तुला विचारतोय. शिव्या द्यायच्या तर आधी दे, मग सांग.

आणि शिव्या देताना कॉलेजातल्या फिरोदिया करंडकाच्या वेळची ती बॅटरी मध्ये आणू नकोस. ती तूच विसरला होतास, भरत नाट्यच्या विंगेत मी तुझी बॅग स्वतः उलटी केली होती, त्यात फक्त कंगवा होता.

बाकी नवीन नोकरी कशी, सईचा निकाल कळला, मस्त, तिला पेन पाठवतोय. बंगळूरच्या घराचं पझेशन मिळालं का?

काकूंना एवढ्यात काही बोलू नकोस. बोललासच तर उंदरांवर ढकल, स्पीकरचं तसं त्यांनीच केलंय.

तुझा,
मंद्या

ता.क. मागच्या पत्र्याचा एक स्क्रू सापडत नाहीये. तो मात्र आधीपासूनच नव्हता.