निविदेत एपीआयचे स्पेक आधी मागा, कोड नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिका, जिल्हा परिषद किंवा एखादे शासकीय खाते संगणकप्रणालीची निविदा काढते तेव्हा पहिल्या टप्प्यात कंत्राटदाराकडून जाडजूड आवश्यकता-अहवाल घेतला जातो. त्यावर सह्या होतात, पहिले बिल निघते आणि कोड लिहायला सुरुवात होते. बँका, पेमेंट गेटवे, मोबाइल ॲप आणि इतर खात्यांची पोर्टल यांनी त्या प्रणालीशी नेमके कसे बोलायचे, म्हणजेच तिचा एपीआय काय असेल, हे मात्र बऱ्याचदा कोड तयार झाल्यावरच कळते. मग जोडणीच्या वेळी प्रत्येकाची समजूत वेगळी निघते आणि शेवटचे महिने खुलाशांच्या ईमेलमध्ये जातात. हा क्रम बदलायला हवा. ज्या सेवेचे एपीआय स्पेसिफिकेशन मंजूर झालेले नाही, तिच्या कोडला हातच लावू देऊ नये, असे आम्हाला कळकळीने सांगायचे आहे.

स्पेसिफिकेशन, या क्षेत्रातल्या बोलीत 'स्पेक', म्हणजे वर्डमधला अहवाल नव्हे. प्रणालीला कोणती विनंती करायची आणि तिला काय उत्तर मिळेल हे ठरावीक रचनेत (यामल किंवा जेसन स्वरूपात) लिहिलेली ती फाइल असते. माणसाला ती वाचता येते आणि यंत्राला तपासता येते. त्यासाठी ओपन-एपीआय हे मानक आता चांगलेच रुळले आहे. पूर्वी त्याला स्वॅगर म्हणत. 2015 च्या अखेरीस ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आले, 3.0 ही आवृत्ती 2017 मध्ये आणि 3.1 ही 2021 मध्ये निघाली. या दोहोंतला एक फरक ध्यानात ठेवावा. एखादी जागा रिकामी चालेल हे सांगायला 3.0 मध्ये 'नलेबल' असा शब्द होता. 3.1 मध्ये तो गेला आणि प्रकारांच्या यादीत 'नल' लिहायची पद्धत आली. जुन्या फाइलीतला आवृत्ती क्रमांक तेवढा बदलला तर 'नलेबल'ची ओळ नियम म्हणून उरत नाही. कुठलीही तक्रार न करता साधने ती ओलांडून जातात आणि कालपर्यंत चालणारी माहिती आज नाकारली जाते.

स्पेकमध्ये किती बारकाईने विचार करावा लागतो, हे मालमत्ता कराच्या ऑनलाइन भरण्यावरून पाहू. सेवा दोनच: मिळकत क्रमांकावरून थकबाकी दाखवणे आणि भरणा नोंदवणे.

पहिली गोष्ट रकमेची. रकमेचा प्रकार नुसता 'नंबर' लिहिला की बहुतेक प्रोग्रामिंग भाषा ती द्विमान अपूर्णांकांच्या ('फ्लोटिंग पॉइंट') स्वरूपात धरतात, आणि त्या हिशेबात 0.1 अधिक 0.2 बरोबर 0.3 येत नाहीत. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात घ्यावी. 4,512 रुपये 50 पैसे म्हणजे 451250. पण ही रक्कम पैशांत आहे हे त्या क्षेत्राच्या (फील्डच्या) नावात आणि वर्णनात, दोन्हीकडे लिहावे. नाहीतर कुठल्या तरी ॲपवर नागरिकाला साडेचार लाखांची थकबाकी दिसेल.

मिळकत क्रमांक आणि बँक खाते क्रमांक हे आकड्यांसारखे दिसले तरी त्यांची बेरीज कोणी करत नाही. त्यांचा प्रकार 'स्ट्रिंग' म्हणजे मजकूरच हवा, नाहीतर सुरुवातीची शून्ये गळतात. त्यांच्या साच्यातही, म्हणजे कोणती चिन्हे चालतील या नियमातही, एक खाच आहे. 'कोणताही अंक' यासाठी अनेक जण सवयीने बॅकस्लॅश-डी लिहितात. पायथन आणि डॉटनेट या प्रोग्रामिंगच्या साधनांमध्ये या चिन्हात १, २, ३ हे देवनागरी अंकही बसतात. जावास्क्रिप्टमध्ये फक्त 0 ते 9. मराठी कीबोर्डवरून टाकलेला क्रमांक त्यामुळे एका प्रणालीत वैध ठरतो आणि दुसरीत अवैध. साच्यात 0 ते 9 असा पल्ला स्पष्ट लिहिला की प्रश्न मिटतो. देवनागरी अंकांचे रूपांतर कोणी करायचे, ॲपने की सर्व्हरने, तेही तिथेच ठरवून टाकावे.

नावांचे दुखणे तर खास आपले आहे. स्पेकमधली कमाल लांबी युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची संगणकीय पद्धत) चिन्हांत मोजली जाते, डेटाबेसमधले रकाने मात्र कधीकधी बाइट या साठवणुकीच्या एककात आखलेले असतात. 'ज्ञानेश्वर' या नावात दहा युनिकोड चिन्हे आहेत आणि यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत त्यांचे तीस बाइट होतात. स्पेकने पन्नासची परवानगी दिली आणि रकाना पन्नास बाइटचा असला, तर इंग्रजी नावांवर झालेल्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होतात आणि पूर्ण मराठी नाव आले की नोंद कोसळते. त्यातच 'कऱ्हाडे'मधला ऱ्ह दोन वेगळ्या चिन्हक्रमांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एकमेकांशी जुळत नाहीत, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही (सारख्या रूपांना एकाच रूपात आणणे) त्यांना एक करत नाही. कोणते रूप साठवायचे हे स्पेकच्या वर्णनात लिहावे आणि उदाहरणादाखल अशीच नावे द्यावीत. महाराष्ट्रातल्या प्रणालीच्या स्पेकमध्ये 'जॉन डो' हे उदाहरण काही कामाचे नाही.

तारखेचेही असेच. 1 एप्रिलच्या पहाटे 2 वाजता भरलेला कर जागतिक प्रमाणवेळेत 31 मार्चच्या रात्री 8:30 ला पडतो. सर्व्हरने त्यातली नुसती तारीख उचलली तर पावती मागच्या आर्थिक वर्षात जाते. म्हणून वेळ नेहमी +05:30 या फरकासह लिहावी आणि आर्थिक वर्ष हे स्वतंत्र क्षेत्र ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा दुहेरी भरण्याचा. नागरिकाने बटण दाबले, नोंद झाली, पण उत्तर परत येण्याआधी जोडणी तुटली. गेटवे तीच विनंती पुन्हा पाठवतो आणि एका कराच्या दोन पावत्या फाटतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक भरण्याला पाठवणाऱ्याने एक अद्वितीय कळ द्यायची आणि स्पेकमध्ये ती कळ नेणारा हेडर (विनंतीसोबतची शीर्षक-माहिती) सक्तीचा करायचा. तीच कळ, तोच मजकूर पुन्हा आला तर पहिलीच पावती परत द्यायची. कळ तीच पण रक्कम वेगळी असली तर नकार द्यायचा. पहिली विनंती अजून चालू असली तर 409 हा 'संघर्ष' सांगणारा उत्तर-कोड द्यायचा. कळ किती दिवस लक्षात ठेवायची हेही लिहायचे. हे सगळे कोड झाल्यावर बसवायला गेले तर डेटाबेसपासून सगळे उकरावे लागते.

चुकांची उत्तरेही आधीच ठरवावीत. आत 'अयशस्वी' लिहिलेले आणि बाहेर 200 हा यशाचा कोड लावलेले उत्तर आपल्याकडच्या प्रणालींत सर्रास दिसते. त्यामुळे देखरेखीच्या पडद्यावर सगळे हिरवे राहते आणि नागरिक मात्र खिडकीशी उभा असतो. चूक कळवणाऱ्या उत्तराचा साचा आरएफसी 9457 या इंटरनेट मानकात तयार आहे, तोच घ्यावा. यंत्रासाठीचा कोड आणि नागरिकाला दाखवायचा मराठी मजकूर वेगवेगळ्या क्षेत्रांत ठेवावा.

आता रोजच्या कामात हे कसे चालते. स्पेकची फाइल कोडसोबत गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात राहते आणि तिच्यातला प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टमधून (बदल स्वीकारण्याच्या विनंतीतून) तपासला जातो. तपासणाऱ्यांत कर विभागातला जाणता लिपिक हवाच, कारण सवलत कोणत्या क्रमाने वजा होते ते त्यालाच ठाऊक असते. 'स्पेक्ट्रल'सारखा लिंटर, म्हणजे फाइलीतल्या चुका शोधणारे साधन, प्रत्येक सेवेला नाव आहे का, चुकांची उत्तरे लिहिली आहेत का, उदाहरणे साच्यात बसतात का हे आपोआप पाहतो. मग त्याच फाइलीवरून 'प्रिझम' हे साधन नकली सर्व्हर उभा करते. विनंतीच्या प्रिफर हेडरमध्ये 409 मागितला की तो 409 चे उत्तर देतो, म्हणजे खरा सर्व्हर अस्तित्वात नसताना ॲपवाल्यांना चुका दाखवणारे पडदेही तयार करता येतात. डेटाचे प्रकार आणि सर्व्हरचा सांगाडा ओपन-एपीआय जनरेटरने काढावा. तो निघालेला कोड हाताने दुरुस्त करू नये, कारण पुढच्या वेळी तो काढला की दुरुस्ती पुसली जाते. बदल स्पेकमध्येच करावा.

सर्वांत जास्त घात होतो तो इथून पुढे. पहिल्या महिन्यात नेटकी असलेली स्पेक सहाव्या महिन्यात कोडपासून फारकत घेते. घाईत कोणी एक क्षेत्र वाढवते आणि फाइलीला हात लावत नाही. यावर माणसांच्या शिस्तीचा भरवसा पुरत नाही. 'स्किमाथेसिस'सारखे साधन स्पेक वाचून शेकडो आडव्यातिडव्या विनंत्या स्वतः बनवते आणि खरा सर्व्हर वचन पाळतो का ते पाहते. प्रत्येक बिल्डमध्ये (कोडची नवी बांधणी करताना) ते चालले पाहिजे आणि तफावत निघाली तर बिल्ड थांबला पाहिजे. स्पेकच्या दोन आवृत्त्यांतला फरक 'ओएएस-डिफ' हे साधन सांगते. उत्तरातले क्षेत्र काढणे, विनंतीतले ऐच्छिक क्षेत्र सक्तीचे करणे, ठरलेल्या पर्यायांच्या यादीत उत्तरात नवा पर्याय घालणे, हे सारे जुन्या ॲपना तोडणारे बदल आहेत. यातला शेवटचा भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो.

कोड लिहून त्यातल्या टिपांवरून स्पेक काढायची आणि तिला डिझाइन-फर्स्ट (आधी आराखडा, मग कोड) म्हणायचे, हा प्रकारही वाढला आहे. अशी फाइल दस्तऐवज म्हणून उपयोगी आहे, पण तिच्यावर कोड लिहिण्याआधी कोणाशी चर्चा झालेली नसते, आणि सगळे मोल त्या चर्चेचे आहे. यात वेळ जातो हा आक्षेप आम्हाला पटत नाही. सगळ्या प्रणालीची स्पेक एकदम लिहायची नसतेच. एक सेवा घ्यावी, तिची स्पेक लिहावी, नकली सर्व्हर उभा करावा, ॲपवाल्यांकडून वापरून घ्यावा आणि मग तिचा कोड लिहावा.

आपल्या देशात याचे मोठे उदाहरण आहे. ग्राहकाच्या संमतीने त्याची आर्थिक माहिती संस्थांमध्ये पोहोचवणाऱ्या अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेसाठी रिझर्व्ह बँकेच्या रेबिट या उपकंपनीने 2019 मध्ये एपीआयची स्पेसिफिकेशन जाहीर केली. त्यावर वेगवेगळ्या संस्थांनी आपापल्या प्रणाली बांधल्या आणि सप्टेंबर 2021 मध्ये व्यवस्था सुरू झाली. केंद्र सरकारचे खुल्या एपीआयचे धोरणही 2015 पासून आहे. महापालिकांना नवे काही शोधायचे नाही.

म्हणून आमची राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाला विनंती आहे की निविदेच्या नमुन्यात चार अटी घालाव्यात. पहिल्या हप्त्याचे बिल लिंटरमधून उत्तीर्ण झालेली स्पेक आणि चालता नकली सर्व्हर दिल्याशिवाय निघू नये. प्रत्येक पुढच्या हप्त्याला स्पेक आणि खरा सर्व्हर यांच्या जुळणीचा चाचणी-अहवाल जोडावा. जुन्या ॲपना तोडणारा बदल करायचा तर जुनी आवृत्ती बंद होण्याची तारीख किमान सहा महिने आधी जाहीर करावी. आणि स्पेकची मालकी, तिच्या गिटमधल्या संपूर्ण इतिहासासह, खात्याकडे असावी, म्हणजे कंत्राट संपून दुसरा कंत्राटदार आला तरी बँकांना आणि ॲपवाल्यांना आपली जोडणी नव्याने करावी लागणार नाही.

आपले,
सॉफ्टवेअर क्षेत्रातील काही वाचक, पुणे