पुतण्याला कोणतं खातं द्यायचं?

सांगली,
खंडेनवमी

प्रिय मित्रा,

स. न. शेडमधली पूजा उरकली, पोरं पेढे घेऊन घरी गेली, म्हणून आत्ता तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसलोय. पुतण्या इंजिनिअर होऊन आला, त्याला ओतकामाच्या फाउंड्रीत घेऊ का, असं विचारतोस. घे की. पण कोणत्या कामावर घेणार ते आधी ठरव.

पुण्याच्या गाडीने किर्लोस्करवाडीवरून तू कितीदा गेला असशील, उतरला मात्र कधी नाहीस. लोक वाडीची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. निवडुंगाचा माळ, साप, आणि १० मार्च १९१० ला पंचवीसेक कामगारांना घेऊन तिथे उतरलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर. जिद्द होतीच रे. पण बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ३२ एकर जमीन दिली नसती, वर पैसाही दिला नसता, तर नुसत्या जिद्दीवर भट्टी पेटली असती का? शिवाय जमीन होती कुंडल रोड स्टेशनाजवळ. बीड, म्हणजे ओतायचं लोखंड, आणि कोळसा बैलगाडीने किती ओढणार!

लोखंडी नांगर लक्ष्मणरावांनी बेळगावातच, १९०३ साली केला होता. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. खपला तो माती उलटवतो म्हणून. काळ्या रानातलं हरळी-कुंद्याचं तण लाकडी नांगराला दाद देत नाही, हे तुला मी काय सांगू? आणि एकदा मागणी लागल्यावर पहिलं महायुद्ध आलं, लोखंड मिळेना. तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले.

मी मात्र किर्लोस्करांच्या कामाच्या वाटणीकडे बघतो. लक्ष्मणराव मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते तेव्हा बेळगावचं सायकलचं दुकान भाऊ रामूअण्णा सांभाळत. पुढे वाडीची आखणी आणि कारभारही त्यांच्याकडेच. पुतणे शंकरराव जाहिरात आणि 'किर्लोस्कर' मासिक बघायचे. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आला. म्हणजे घरच्या प्रत्येकाला स्वतःचं खातं होतं. पण कारखान्याची इंजिनिअरिंगची बाजू शंभुराव जांभेकरांची, हिशेब मंगेशराव रेग्यांचा, आणि नवनवी यंत्रं सुचायची ती अनंतराव फळणीकरांना, ज्यांची शाळा अर्धवटच सुटली होती! पहाऱ्याला तर एकेकाळचे अट्टल गुन्हेगार ठेवले होते. आडनाव बघून काम दिलं असतं तर यातलं कोणी आत आलं असतं का, सांग.

पुढचं तुला माहीतच आहे. १९२० ला लिमिटेड कंपनी, उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप. मग १९४१ ला कर्नाटकात हरिहरला कारखाना, १९४६ ला पुण्यात इंजिनं. इतकी गावं, इतके कारखाने एका घराच्या माणसांत कसे पुरे पडणार? बाहेरचे तयार झाले होते म्हणूनच जमलं.

तेव्हा पुतण्याला पॅटर्न (साच्याचे नमुने), ड्रॉइंग आणि गिऱ्हाईक दे. ओतकाम तुझ्या जुन्या मिस्त्रींकडेच राहू दे. साच्याची वाळू ओली किती ते त्यांना मुठीत कळतं, पोराला अजून वर्षं लागतील. पोरगा यायच्या आधी मिस्त्रींशी बोल, त्यांना बाजारातून कळू देऊ नकोस. आणि एक स्पष्ट विचारतो, राग मानू नकोस: पुतण्याला जो पगार ठरवलास, तो मिस्त्रींपेक्षा जास्त तर नाही ना?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सांगलीकर